रांजणाच्या तळाशी कुणाचं नाव

९ जाने., शुक्र.
सुट्टी गेली. अर्बाबचा, म्हणजे मालकाचा फोन: अल मवालेहला एका जर्मन मॅडमची मातीची भांडी भाजायची इलेक्ट्रिक भट्टी बंद पडलीय. कॉइल जळली होती, बदलली.
मॅडमचं नाव आनेग्रेट, सत्तरीच्या. आधी फक्त कॅनव्हासवर चित्रं काढायच्या. भिंतीवर आहेत: त्यांच्या गावची घरं, खिडक्या, सगळ्या रेषा पट्टीने मारल्यासारख्या. मग इथे आखातात आल्या, मातीचे रांजण पाहिले आणि ब्रश मातीवर चालू लागला.
ऐकता ऐकता मी टेबलावरचा गोळा मळत होतो. म्हणाल्या, "तुला माती कळते."
नो मॅडम, इलेक्ट्रिशियन, म्हटलं. खोटं का बोललो?

१० जाने., शनि.
भट्टी तपासायला परत. चहा देताना मॅडमचा उजवा हात थरथरत होता. वर्षभर झालं, चाकावर मोठं भांडं उभं करता येत नाही. मार्चमध्ये प्रदर्शन. बारा रांजण हवेत, आधीचे पाच तेवढे आहेत.
शेवटी सांगून टाकलं. कुडाळजवळचं आमचं घर कुंभाराचं, मी बाविसाव्या वर्षी चाक सोडून इकडे आलो. मॅडमनी चाकाजवळचं स्टूल पुढे केलं.
पहिला रांजण चाकावरच कोसळून बसला. दुसराही. हात विसरलेत.
"मी चाळिशीत शिकायला बसले, तेव्हा तीन महिने हेच. शुक्रवारी ये."

१६ जाने., शुक्र.
सकाळी सुनंदाला फोनवर सांगितलं. "थंय जावन पण मडकीच?" हसली बायको. मग फोन माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे दिला. चाक सोडलं तेव्हा वर्षभर माझ्याशी अबोला धरणारे आप्पा. एवढंच विचारलं, "माती खयची?"
रुस्ताककडची, म्हटलं. वाळू जास्त.
"मगे एकदम उंच चढवू नको. खालचो भाग वायच सुकांदे, मगे वरचो जोड."
तसंच केलं. उभा राहिला, कमरेएवढा. बराच वेळ बघत बसलो. मॅडमही.

३० जाने., शुक्र.
माझे चार झाले. मॅडम रंगवतायत. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ब्रश चालवतात. रेषा हलते. मी न बघितल्यासारखं केलं.
"बघ की. इतकी वर्षं सरळ रेषा काढली. आता हात देतोय ती घेते."
खजुराची झाडं, वाऱ्यात असल्यासारखी. भिंतीवरच्या खिडक्यांपेक्षा मला हीच आवडली. तसं सांगितलं. लाजल्या.

६ फेब्रु., शुक्र.
भट्टी उघडली, दोन तडकलेले. माझेच. तळ सुकवायची घाई केली. मान खाली घालून बसलो. मॅडमनी डब्यातलं सँडविच पुढे केलं. "आधी खा. मग पुन्हा करू."
आप्पांनीही असंच म्हटलं असतं का... विचारलं नाही.

१२ फेब्रु., गुरु.
कामावरून सुटून रोज जातोय. आज मॅडम म्हणाल्या, तळाशी माझ्याबरोबर तुझंही नाव येईल.
नको म्हटलं. व्हिसा अर्बाबचा. बाहेर काम केलेलं कळलं तर नोकरी जाईल. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष.
"मग माझं एकटीचंही नको. दुसऱ्याच्या हाताच्या कामावर मी कधी सही केलेली नाही."
आणि प्रदर्शन?
"मग तेही नाही."

१३ फेब्रु., शुक्र.
माझ्यामुळे प्रदर्शन बुडायला नको म्हणून सकाळीच अर्बाबच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चेहऱ्यावरून काही कळेना. दुपारी स्वतः मॅडमकडे आला. एका रांजणावरून हात फिरवत राहिला. "आजीकडे असाच होता, पाण्याचा." मग माझ्याकडे वळून, "बावीस वर्षं माझ्याकडे वायरी जोडतोस आणि हे कधी सांगितलं नाहीस?"
रागावलाय की काय, समजलं नाही. निघताना म्हणाला, "परवानगीचं बघावं लागेल. रविवारी सांगतो, इन्शाल्ला."

१४ फेब्रु., शनि.
बारावा रांजण चाकावरून उतरवला. माझ्या बाकीच्यांवर दोघांची नावं ब्रशने टाकता येतील. हा ओला आहे, यावर कोरायची.
उद्या काय होईल, माहीत नाही. पण बाविसाव्या वर्षी टाकून आलेले हात परत मिळाले. आप्पा आता रोज फोन करतात, मातीचं विचारतात. हे मॅडममुळे. त्यांना सांगायला गेलो, तर इंग्रजी सापडेना. "आय नो," म्हणाल्या.
अर्बाबचं उत्तर येईपर्यंत माती सुकायला नको म्हणून रांजणाला ओलं फडकं गुंडाळलं. निघेपर्यंत तीनदा भिजवलं. तिसऱ्यांदा पाणी मॅडमनीच ओतलं.