ॲस्टर फुलेपर्यंत

२० सप्टेंबर १९९८, आगाशी
बोलून बसले! आता जीभ चावून काय उपयोग?
आशालताआत्या सकाळीच स्थळ घेऊन आली. मुलगा सुमेध, बँकेत, आचोळ्याला स्वतःचा फ्लॅट. ‘तुळशीचं लग्न झालं की क्षितिजाचं उरकून टाकू.’ उरकून! मी म्हटलं, वेळ हवा. ‘किती?’ हातात शेजारच्या विनीने दिलेलं बियांचं पाकीट होतं — बुटके ॲस्टर, तिच्या भावाने बंगलोरहून आणलेले. तोंडातून निघून गेलं, ‘हे फुलेपर्यंत. पहिलं फूल उमललं की हो की नाही ते सांगते.’
आत्या हसली. ‘मथुराचं लग्न आम्ही आठवड्यात जमवलं होतं. तिला कुठे काय विचारलं? काय अडलं?’ मथुरा म्हणजे आई. ती वाल सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, ‘बरं. फुलेपर्यंत.’
आप्पा पाकिटावरचं चित्र बघत बसले.

२९ सप्टेंबर
उगवले. इतकी काय घाई होती मेल्यांना!

१८ ऑक्टोबर
रोपं कुंड्यांत लावली, ओट्याच्या पायऱ्यांवर ओळीने. आप्पा वाडीतून आले, म्हणाले, ‘कुंडीतली शेती! बैल कधी आणतेस?’ त्यांची वाडी उंच ॲस्टरची, फुलं दादरला जातात. उंच जातीचा शेंडा नखाने खुडतात, मग फुटवे जास्त येतात आणि फूल मागे पडतं. कुठला वाफा मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलायचा ते आमच्याकडे नख ठरवतं. आमच्या घरात उजव्या अंगठ्याचं नख कुणी कापत नाही, मी सोडून. शाळेत मुलांना शिकवते ना, बरं दिसत नाही.
आणि अशा घरात मी फुलाची मुदत घातली. शहाणीच मी.

८ नोव्हेंबर
वसईला सुमेधला भेटले. स्टेशनजवळच्या हॉटेलात, मसाला डोसा. चांगला आहे. खरंच चांगला आहे. माझ्यासाठी खुर्ची पुसली. माझी नोकरी चालू राहू दे म्हणाला. मी कुंड्यांचं सांगितलं, तर म्हणाला, ‘गॅलरी बंद करून खोली वाढवणार आहोत. पण खिडकीत दोन कुंड्यांना माझी हरकत नाही.’
हरकत नाही! परत येताना बसमध्ये हेच डोक्यात. खोट काढायला गेलं तर काही सापडत नाही. आणि हो म्हणायला गेलं तर जीभ उचलत नाही. मग काय म्हणायचं?

१५ नोव्हेंबर
आईने सकाळी अंगणातून हाक मारली, ‘फुललं का गं?’ अगं, कळी तरी येऊ दे! रोज तेच. आत्याने तिच्यामागे धोशा लावलाय आणि ती माझ्यामागे.

७ डिसेंबर
कळ्या! हिरव्यागार, मुगाएवढ्या. शाळेत फळ्यावर गणित चुकवलं, मुलांनी दाखवून दिलं.

१३ डिसेंबर
मोठ्या झालेल्या सगळ्या कळ्या गायब! देठ तेवढे उभे.
विनीच्या कोंबड्यांवर संशय. कुंपणाशी जाऊन भांडले. विनी म्हणाली, ‘माझ्या कोंबड्यांना नाताळची धास्ती पडलीय, त्या कळ्या खातात कशाला?’
खरं लिहू? रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं. आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला.

२० डिसेंबर
बाजूच्या फुटव्यांना कळ्या धरल्या होत्या. त्याही गेल्या. गोगलगाय म्हणावी तर पान कुरतडलेलं नाही. कडुनिंबाचं पाणी मारलं. ओट्यावर बसता येत नाही इतका वास!
आत्याचा निरोप — मुलाकडचे विचारतायत. आईने उलट सांगून पाठवलं, ‘मी काय करू? झाडच फुलत नाही.’ आणि मला, ‘फुललं का गं?’ डोकं फिरायची वेळ आली. ना घरात चैन, ना शाळेत.

२७ डिसेंबर
आज देठ उन्हात धरून नीट बघितले. पेऱ्याच्या वर, तिरका, एका नखाचा घाव. मी कसली गोगलगाय शोधतेय! हे वाडीचं काम आहे.
आप्पा! एक शब्द न बोलता माणूस मला वेळ काढून देत होता! डोळे भरून आले. तशीच वाडीत गेले. म्हटलं, ‘आप्पा, मला कळलं. कळ्या तुम्ही खुडता.’
ते पाटाचं पाणी वळवत होते. फावडं टेकवून म्हणाले, ‘मी? बाय, बुटक्या जातीला हात कोण लावतो? ती आपोआप फुटते. खुडलेलं मी पन बघितलं. म्हटलं हे काय चाललंय!’
‘मग कोण?’
‘मी शेंडा सरळ तोडतो. असा तिरका आपल्या घरात एकच माणूस तोडतो. लग्न होऊन आली तेव्हापासून तसाच.’

२८ डिसेंबर
लवकर उठून खिडकीच्या आडोशाला उभी राहिले. आईने तुळशीला पाणी घातलं. हात जोडले. मग पायऱ्यांशी वाकली — एक, दुसरी, तिसरी कुंडी. कळ्या पदराच्या गाठीत. सरळ झाली, कंबर धरली, आणि घराकडे तोंड करून जोरात ओरडली,
‘क्षितिजा! फुललं का गं?’

२९ डिसेंबर
सकाळी तिच्या आधी जाऊन पायरीवर बसले. ती आली. मी म्हटलं, ‘आई, नाही.’
‘फुललं नाही?’
‘सुमेधला नाही.’
ती म्हणाली, ‘आत्याला मी सांगते. तू मध्ये येऊ नकोस.’ आत जाता जाता कुंड्यांपाशी थांबली.
‘आता फुलू दे बिचाऱ्यांना. वाकून वाकून माझी कंबर गेली.’