ह्या धडाचं हे डोकं नव्हे

डॉर्चेस्टर, बॉस्टन
मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३

प्रिय थॅडियस दादा,

तू खुशाल असशील. आम्ही सगळे बरे आहोत. माझा डावा गुडघा तेवढा बरा नाही, पण माझा विल्बर जिवंत होता तेव्हाही तो बरा नव्हता, त्याचं काय सांगायचं. पत्राबरोबर एक छोटा खोका मिळाला असेल. तो आत्ता उघडू नकोस. आधी पत्र वाच. लहानपणी नाताळच्या आधीच तू माझ्यासुद्धा भेटी फोडून बघायचास, म्हणून बजावते.

जॉसलिन म्हणते, "आजी, फोन कर की. सातवीत शाळा सोडलीस, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिहायचा हट्ट कशाला?" पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे आपलं ठरूनच गेलंय. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. चुका असतील त्या सांभाळून घे.

तुझं आमंत्रण पोचलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं आणि वर तुझा फोटो. ऐंशीचा झालास आणि केस अजून काळेभोर! रंग कोण लावून देतं? न्यूयॉर्कच्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या भावाचा सत्कार, हे मी सगळ्या गल्लीला सांगितलं. खाली तू स्वतःच्या हातानं लिहिलंयस, "व्हर्ल, येऊन माझ्याबरोबर एक गाणं वाजव. तुझा तो जुना फ्लूट आणू नकोस, मी तुला इथे एक चांगला देईन." ते वाचलं आणि मनात आलं, चांगला फ्लूट आपणच का घेऊ नये? सतरा वर्षांची होते तेव्हापासून वाजवतेय. गुरुवारी क्लबात वाजवणं अजून सुटलेलं नाही, रविवारी चर्चच्या हॉलमध्ये असतेच. मग म्हटलं, एकदा तरी स्वतः निवडून घ्यावा. येणार की नाही ते शेवटी सांगते.

तर विल्बरची गाडी विकली. तशीही ती अंगणात गंजतच होती, शेजारच्या मांजरीनं तिच्याखाली दोनदा पिल्लं घातली. जॉसलिननं दुकान शोधलं. काय पोर आहे रे! बावीस वर्षांची, दिवसभर इस्पितळात म्हाताऱ्यांना उठवते-बसवते आणि घरी येऊन माझ्यासाठी फ्लूटची माहिती वाचते. मला म्हणाली, "आजी, दुकानात 'मला काही कळत नाही हो' असं म्हणायचं नाही. तुला सगळं कळतं, फक्त त्यांची नावं येत नाहीत." ह्या पोरीसाठी देवाचे किती आभार मानू?

डेनिस गाडी चालवायला आली. माझी लेक माझ्या वाजवण्याच्या कुठल्याही कामाला आपणहून येत नाही, हे तुला ठाऊक आहे. बसच्या ड्यूटीवरून थेट आली, गणवेशातच. म्हणाली, "मी बाहेर गाडीत बसते." जॉसलिननं तिचा हात धरून आत आणली.

दुकान म्हणजे जिना चढून एक खोली. मिस्टर पेलेग्रिनी म्हणून म्हातारा आहे, माझ्याच वयाचा, डोळ्याला भिंग लावलेला. मी मक्याचा पाव भाजून नेला होता, रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यानं आधी पाव खाल्ला, हात धुतले आणि मग म्हणाला, "मॅडम, नवे फ्लूट नंतर. आधी तुमचा जुना दाखवा. माणूस कशावर जगलाय ते कळल्याशिवाय मी काही दाखवत नाही."

दिला. त्यानं वाजवा म्हणून सांगितलं. मी नेहमीसारखंच वाजवलं, फुंकताना गळ्यातून गुणगुणत, घोगरं. लोकांना माझं तेच आवडतं, गुरुवारी माणसं त्यासाठीच येतात. स्वच्छ सूर येत नाही म्हणून मी तो घोगरेपणा शिकले, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. पेलेग्रिनी माझ्या बोटांकडेच बघत होता. म्हणाला, "गळा दाबताय की काय त्याचा?"

जॉसलिन फिस्सकन हसली. मीपण हसले. म्हटलं, "जोरात दाबल्याशिवाय हा बोलत नाही हो."

"झाकणांखालच्या गाद्या गळताहेत, म्हणून दाबताय. ते ठीक आहे, ते सगळ्यांचंच होतं. पण एवढा वारा कुठे जातोय?" असं म्हणत त्यानं फ्लूटचं डोकं ओढून काढलं. तोंड लावतो तो तुकडा रे, तुला काय सांगायचं. ते भिंगाखाली धरलं, मग धड धरलं, मग परत डोकं. कपाळाला ह्या आठ्या. मला वाटलं, पाव पोटात लागला की काय.

मग म्हणाला, "मॅडम, ह्या धडाचं हे डोकं नव्हे."

धड म्हणे सगळं हातानं घडवलेलं, चांदीचं, इथल्याच एका जुन्या कारागिराचं, आता मिळणार नाही असं. आणि डोकं शाळेच्या बँडमधल्या फ्लूटचं, वर चांदीचा नुसता मुलामा. "बसावं म्हणून कुणीतरी तोंडाशी घासलंय. नीट घासलंय, हात चांगला होता. तुम्ही हे असंच घेतलंत का?"

मी म्हटलं, "नाही. दुरुस्तीला दिला होता एकदा."

दादा, आता तुला कळलं असेल खोक्यात काय आहे. तरी उघडू नकोस. थोडंच राहिलंय.

मिसेस व्हिटकोमची तुला आठवण असेलच. आई जिच्या घरी लादी पुसायची ती. तिचा नवरा मोठ्या ऑर्केस्ट्रात होता, तो गेल्यावर तिनं त्याचा फ्लूट मला दिला. मी तिथे भांडी घासताना शिट्टी वाजवत असे, ती तिनं ऐकली होती. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तू ताटावरून उठलास. म्हणालास, "घरात वाजवणारा मी आहे, हे त्या बाईला दिसलं नाही?" आई म्हणाली, "तुझ्याकडे सॅक्सोफोन आहे, गप जेव." तू जेवला नाहीस. मी दुसऱ्या दिवशी तुला म्हटलंसुद्धा, दादा, वाटेल तेव्हा घे, वाजव. तू घेत असायचास. मला कधी राग आला नाही.

मग त्र्याहत्तर साल. डेनिस झाली, मी दीड महिना अंथरुणात. तू आलास, बाळाला बघितलंस, आणि जाताना म्हणालास, "व्हर्ल, फ्लूटच्या गाद्या बदलून आणतो, तू उठशील तेव्हा तयार असेल." मी तुझा हात धरून रडले होते. भाऊ असावा तर असा, असं मी विल्बरला म्हटलं.

फ्लूट परत आला आणि आवाज गेला. मी घाबरले. तुला वाजवून दाखवलं. तू पाय पसरून आमच्या सोफ्यावर बसला होतास. म्हणालास, "बाळंतपणात फुप्फुसं ढिली पडतात, व्हर्ल. आणि तुझे ओठ मुळात जाड, फ्लूटसाठी नव्हेतच ते. आजवर निभावलं." पुढच्या महिन्यात तू न्यूयॉर्कला गेलास. तुझ्या पहिल्याच रेकॉर्डबद्दल मासिकात छापून आलं, ह्या सॅक्सोफोनवाल्याचा फ्लूट चांदीसारखा वाजतो. ते कात्रण मी फ्रिजवर लावलं होतं. तीन फ्रिज बदलले, कात्रण तेच.

पेलेग्रिनीनं खणातून एक चांगलं डोकं काढलं, माझ्या धडावर बसवलं आणि म्हणाला, "वाजवा. मोठं नको. अगदी हळू. हळू वाजवताना फ्लूटला खोटं बोलता येत नाही."

मी अगदी खालचा सूर धरला. हळू. आला रे. दादा, तो आला. भरलेला, गोल, मिसेस व्हिटकोमच्या स्वयंपाकघरात येत असे तसा. माझी फुप्फुसं चौऱ्याहत्तर वर्षांची आहेत, त्यातलं एक न्यूमोनियानं खाल्लेलं, तरी तो आला. मी थांबवलाच नाही, डोळ्यापुढे अंधारी येईतो धरला.

तेव्हा मागून डेनिस बोलली. दाराशी उभी होती, टोपी हातात. म्हणाली, "म्हणजे मी नव्हते?"

कुणालाच काही कळलं नाही. जॉसलिन म्हणाली, "काय गं मम्मी?" डेनिस माझ्याकडेच बघत होती. "तुझा श्वास. मी नव्हता ना नेला?"

मी हे आयुष्यभर गमतीनं म्हणत आले. पाहुण्यांपुढे, क्लबात, तिच्या वाढदिवसाला केक कापताना. "हिच्या जन्मानं माझा श्वास नेला हो, नाहीतर मी आज न्यूयॉर्कला असते." सगळे हसायचे. डेनिसपण हसायची. आठ वर्षांची असताना तिनं माझा फ्लूट उचलला तर मी म्हटलं होतं, "राहू दे, तू त्याचं पुरेसं केलंयस." पुन्हा तिनं त्याला हात लावला नाही. मला वाटायचं, हिला गाण्याची आवडच नाही, बापावर गेली.

पन्नास वर्षांची बाई, बस चालवणारी, दारुड्यांना मानेला धरून खाली उतरवणारी, आणि त्या दुकानात उभी राहून लहान मुलीसारखं विचारते, मी नव्हते ना?

मी म्हटलं, "नव्हतीस गं. तू नव्हतीस." पेलेग्रिनी बिचारा उठून कॉफी करायला गेला, त्याच्याकडे कॉफीचं काही सामान नव्हतं तरी.

आणि एक सांगते, ते कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मूळच्या डोक्याच्या कडेला एक पोचा होता, फ्लूट चर्चच्या पायरीवर पडला होता तेव्हाचा. तू परत आणलास तेव्हा पोचा नव्हता. मी त्याच दिवशी बघितलं. अंगठा फिरवून बघितलं. मनाशी म्हटलं, दादानं काढून घेतला असेल, किती काळजी त्याला. मला एक तर भाऊ खोटा मानायचा होता, नाहीतर माझी फुप्फुसं. मी फुप्फुसं मानली. आणि ती चूक माझ्या लेकीच्या माथी मारली. तुझं तुझ्यापाशी, माझं हे माझ्यापाशी.

बरं. फ्लूट घेतला का, ते सांगायचं राहिलंच.

पेलेग्रिनी म्हणाला, नुसतं डोकं घ्या, धड उत्तम आहे. जॉसलिनलाही पटलं. मला पटलं नाही. त्या धडाकडे बघितलं की मला ते सोफ्यावर पसरलेले पाय दिसतात. ते मी जॉसलिनला दिलं, ती मोडो नाहीतर वाजवो. मग म्हाताऱ्यानं हिरव्या कापडावर सहा फ्लूट मांडले. त्यांची रीत अशी, की वाजवणारानं पाठ करायची आणि ऐकणारानं किंमत न बघता निवडायचं. मी भिंतीकडे तोंड करून एकच गाणं सहा वेळा वाजवलं. पहिले तीन मला जड गेले, दाबायची सवय सुटेना, पेलेग्रिनी मागून ओरडायचा, "सोडा, सोडा, पळून नाही जात तो!" एक सोन्याच्या ओठाचा होता, म्हणजे तोंड टेकतो ती पट्टी सोन्याची, मधासारखा गोड. पण त्यात मी गुणगुणले की तो गप्प व्हायचा, माझा घोगरेपणा त्याला चालेना. आता तो घोगरेपणा वाईट दिवसांत आलेला असला तरी माझाच आहे, मी तो टाकणार नाही.

निवड डेनिसनं केली. डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "चौथा. चौथ्यात तू चिडलेली ऐकू येतेस, आणि तरी स्वच्छ."

पन्नास वर्षांत तिनं माझ्या वाजवण्याबद्दल काढलेला पहिला शब्द. चौथा घेतला. साधा चांदीचा, नक्षीबिक्षी काही नाही. मी दुकानातच तिला हसून म्हटलं, "तू बसवाली, तुला कान कुठून आला?" तर म्हणते, "दिवसभर इंजिन ऐकते मी. खोटं कुठे वाजतंय ते मला कळतं."

तेव्हा दादा, २ डिसेंबरला मी येणार नाही. त्याच शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठेवलाय. माणसं शंभरेक येतील, खुर्च्या घडीच्या, नंतर कोंबडी आणि पालेभाजी. डेनिसनं ड्यूटी बदलून घेतलीय. पुढच्या रांगेतली मधली खुर्ची तिची आहे.

तू काढून नेलेलं माझं डोकं मी परत मागत नाही. पन्नास वर्षं तुझी थुंकी प्यालंय ते, आता तुझंच झालं. तुझं तेवढं तुला परत पाठवलंय. आता उघड खोका. रुमालात गुंडाळलंय, आईचा रुमाल आहे तो, ठेवून घे.

सत्काराच्या दिवशी, हॉलमध्ये माणसं यायच्या आधी, एकटा असशील तेव्हा ते डोकं तुझ्या फ्लूटवर बसव आणि एक गाणं वाजव. घासायला नको, तू ते नीट घासलेलंच आहेस. मग स्वतःचे ओठ आरशात बघ.

तुझ्याचसारखे ओठ घेऊन एकाच आईच्या पोटी आलेली,
व्हर्लीन