शेवट ठाऊक असलेला सिनेमा

अड्याळ,
२९ ऑक्टोबर २०२४

ति. सौ. सरिताताईस,
रीनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ताई, एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला येत नाही. प्रेमाच्या हसऱ्या सिनेमात पोरगी शेवटी हो म्हणणार, हे पोस्टर पाहूनच सगळ्यांना कळतं. मग तिला आधी नाही म्हणायला लावतातच कशाला?

फोनवर विचारलं असतं तर तू हसरी तोंडं पाठवून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र.

परवा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर तुमच्या शहापूरचा निकेश पुन्हा उभा होता. भाऊजींचा मित्र म्हणून मी इतके दिवस हळू आवाजात नाही म्हणत होते. या वेळी तो गुलाब घेऊन अड्याळच्या गाडीसमोर गुडघ्यावर बसला. पोरांनी मोबाइल काढले. मी सगळ्यांदेखत सांगितलं की मला तू नको आहेस, पुन्हा येऊ नकोस. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या नाहीला नव्हे, त्याच्या हिमतीला. कंडक्टर म्हणाला की पोरी पहिले असंच म्हणतात. शेजारची म्हातारी पूर्ण रस्ताभर समजावत राहिली की पोट्टा चांगला दिसते, कायले एवढी तापतेस.

व्हिडिओ बाबांपर्यंत पोचला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले की दिवाळीनंतर बी.एड.ला जाऊ नको, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. घरात पहिली ग्रॅज्युएट झाले तेव्हा विहारात पेढे वाटणारे हेच बाबा. गुडघ्यावर तो बसला आणि कॉलेज माझं सुटणार!

तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतात. माया तर तुझी आहेच, या वेळी जरा माझी बाजूही घे.

तुझी,
रीना


शहापूर,
४ नोव्हेंबर

चि. रीनास,
अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. दिवाळीचा चिवडा संपला, कारण तुझे भाऊजी.

तुझं पत्र वाचून मले पहिले हसूच आलं, रागावू नको. आठवते का, टॉकीजमध्ये पडदा उघडला की मी तुले सगळा सिनेमा सांगून देत होती? भांडण झालं की म्हणायची, आता मध्यांतर. मग गैरसमज, मग पोरगी गाडीत बसते, मग तो गाडीमागे धावते. एकदाही चुकली नाही मी. बाई, तुझं आता मध्यांतर चालू आहे.

अन् हे मी अनुभवानं सांगून राहिली. तुझे भाऊजीही माझ्या क्लासच्या रस्त्यावर सायकल घेऊन उभे राहत. मीही नाहीच म्हणत होती. आज सुखात आहे की नाही? निकेश वाईट नाही. शोरूममध्ये कामाले आहे, दारू नाही, आईले जपते.

बाबांशी बोलली. ते म्हणतात, लग्न जुळलं तर बी.एड. चालू राहू दे, मग कोणाचं तोंड उघडत नाही. म्हणून मी एक काम करून टाकलं. निकेशले अन् त्याच्या आईले, कुंताबाईंले, सतरा तारखेच्या मंडईच्या जत्रेले आपल्या घरचं जेवण सांगितलं. दंडारीचा नाच-खेळ पाहतील, दोन घास खातील. तू ती मोरपंखी साडी नेस अन् नाक फुगवू नको.

तुझ्या भल्यासाठीच जागणारी,
सरिता


अड्याळ,
९ नोव्हेंबर

ति. ताईस,
जयभीम. बाकीचा मायना आज राहू दे.

मंडईचं जेवण! तू याच गावात वाढलीस. लग्नाच्या पोरीच्या घरी पोरगा आईला घेऊन मंडईला जेवला, की दुसऱ्या दिवशी बायका लग्नाची तारीख विचारतात, हे तुला मी सांगायचं? ताट वाढलं की होकार वाढला. आणि हे तू मला न विचारता ठरवलंस.

आईनं तांदूळ निवडायला घेतले आहेत. शेजारच्या काकू विचारून गेल्या की जावई कोणत्या गाडीनं येऊन राहिला. मी ओरडले तर म्हणतात लाजते. गप्प बसले तर म्हणतात मान्य आहे. काल रडले, तर आईच म्हणाली की माहेर सुटणार म्हणून सगळ्याच रडतात. कोणत्या तोंडानं नाही म्हणू, म्हणजे ते यांना ऐकू येईल?

तुझी गोष्ट वेगळी होती. भाऊजी रस्त्यावर दिसले नाहीत त्या दिवशी तू नीट जेवायची नाहीस, मी पाहिलं आहे. तुला हो म्हणायचं होतं म्हणून तू नाही म्हणत होतीस. मला नाही म्हणायचं आहे म्हणून मी नाही म्हणते. तुझ्या बाबतीत खरं निघालं, म्हणून जगातल्या सगळ्या पोरींवर तोच सिनेमा लावू नकोस.

आणि असेल निकेश चांगला. चांगल्या माणसाला नाही म्हणायची बंदी आहे का?

तू बोलावलंस, तूच थांबव.

रीना


शहापूर,
१३ नोव्हेंबर

चि. रीनास,
अ. उ. आ.

आता कसं थांबवू गं? कुंताबाईंनी नवीन साडी आणली. सांगितलेलं जेवण मागं घेतलं तर सासरी माझं नाक कापलं जाईल. येऊ दे, जेवू दे, मग पाहू.

एक सांगायचं राहिलं. तू कोणत्या गाडीनं जातेस ते निकेशले मीच सांगितलं होतं. आमची पोट्टी पहिले नाही म्हणेल, तू हटू नको, हेही मीच. मले वाटलं, असंच असते. तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

तरी एकदा सांभाळून घे.

सरिता


भंडारा,
१८ नोव्हेंबर

ति. ताईस,
सप्रेम जयभीम.

काल सकाळी तुझ्या गावी येऊन तुझ्या घरी आले नाही, त्याचा राग मानू नकोस. मी कुंताबाईंकडे गेले होते.

त्या केसांना तेल लावत होत्या. नवी साडी खाटेवर घडीची ठेवली होती. मला पाहून हसल्या, बसायला सांगितलं. मी बसले नाही. म्हटलं, तुमचा मुलगा मला नको आहे, हे मी त्याला स्टँडवर सांगितलं, रस्त्यात सांगितलं, गाडीसमोर सांगितलं. तुम्ही जेवायला आलात तर भरल्या ताटावर सांगावं लागेल, आणि तुमचा अपमान करायची माझी इच्छा नाही. त्यांनी निकेशला विचारलं की ही खरंच असं बोलली का. तो म्हणाला, हो, पण सरिता वहिनी म्हणत होत्या की पोरी असंच म्हणतात. तेव्हा त्या उठल्या आणि त्याला म्हणाल्या की काहून रे, पोरगी तोंडानं बोलून राहिली, तिचं ऐकायचं की वहिनीचं? साडी उचलून त्यांनी पेटीत ठेवली. मला पाणी दिलं. निकेश दारात उभाच होता, जणू अजून एक प्रसंग बाकी आहे.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की पाहुणे येणार नाहीत, मीच थांबवले. बाबा ताटावरून उठले. म्हणाले, मग उद्यापासून घरीच बस.

आज सकाळी मी बॅग घेऊन निघाले. आई फाटकापर्यंत आली, हातात डबा दिला. गाडी सुटली तेव्हा मी मुद्दाम मागं वळून पाहिलं. तुझ्या हिशोबानं आता कोणीतरी धावत यायला हवं होतं. धानाचे भारे घेऊन एक ट्रॅक्टर येत होता, तोही तळ्याकडे वळला.

वर्गातल्या मोनाच्या खोलीत अर्धी जागा घेतली आहे. तिथूनच लिहिते. दुपारी हजेरीत माझं नाव आलं तेव्हा मी वर्गात होते.

तुझ्यावरचा राग आहे, तो राहील काही दिवस. माया त्याहून जुनी आहे, तीही राहील.

तुझीच,
रीना