ग्राउंडाचं वावर चंचलच्या नावानं

मी, धुरपता रूपराव चाफले, वय वर्षे शहात्तर, राहणार बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मले दाबणारा अजून पैदा झाला नाई. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या घराण्यात असा दाखला पहिल्यांदाच कोणाले भेटला. कायद्याचे शब्द वकीलसाहेबांचे, बाकी माझे. मी चौथी शिकली. आपलं काय अन् दुसऱ्याचं काय, हे समजाले तेवढं पुरते.

१. रोहणा येथील घर व माझ्या नावावरचं शेत मुलगा लखन यास द्यावे. लखन, तुले कमी नाई भेटलं. बोरगावच्या वावराचे प्लॉट पाडू म्हणून तू मागं लागला होता, त्याचं उत्तर खाली वाच.

२. बोरगाव मेघे येथील रोडलगतचं दोन एकर वावर मी वर्ध्याच्या बाजारात भाजी विकून घेतलं. त्यात नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा कोणाचाही हिस्सा नाही. हे वावर माझी मुलगी चंचल हिला द्यावे. अट एकच: तिथं फुटबॉलच होईल. प्लॉट नाही, मंगल कार्यालय नाही, माझ्या समाधीचा ओटासुद्धा बांधू नये.

असं काऊन, ते लिहून ठेवते. चंचल लेफ्ट विंगला खेळायची. राज्याच्या टीममध्ये गेली तेव्हा माझे दीर किसनराव साऱ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "वयनी, पोरगी हाफपँटवर गावोगाव फिरून राह्यली. हिले कोण करन?"

म्हटलं, "भाऊजी, तुमचं लगन झालं ना? मंग कोणाचंबी होते."

पुढं परमुलखात मॅच खेळताना तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खेळ सुटला. भेटाले येणाऱ्यांनी माझे पोहे संपवले. भाऊजी म्हणाले, "आता त हिले शिलाई मशीन घेऊन दे." पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मले रडता येत नाई. शेवटचा कापूस वेचून झाला, तशी मी पऱ्हाटी उपटली, बैल जुंपले, वखर फिरवून वावर सपाट केलं. नवऱ्याची जुनी बैलबंडी मोडून तिच्या लाकडांचे दोन गोल गाडले. मग चंचलले कुबडीसकट उभी केली अन् म्हटलं, "घे. पाय नाई चालत त तोंड चालव. तोंड त माह्यावरच गेलं तुह्यं."

तिनं चालवलं. आधी धुणंभांडं करणाऱ्यांच्या पोरी आल्या, मग मास्तरांच्या, मग एक दिवस भाऊजींची नात मयुरी आली. घरी न सांगता. चंचलनं तिले गोलात उभी केली.

औंदा नागपूरला फायनल झाली. मोठमोठ्या क्लबांच्या पोरी, बसमधून उतरल्या त बुटाले माती नाई. शेवटी पेनल्टीवर आलं. चंचल लाइनीवरून ओरडली, "मयुरे, तिच्या तोंडाकडं नको पाहू, बॉल पाह्य!" मयुरीनं आडवी पडून बॉल धरला अन् कप आमचा झाला. भाऊजी धोतराचा सोगा हातात धरून सरळ ग्राउंडात. पंच म्हणे, बाबाजी, बाहेर व्हा. भाऊजी त्यालेच दटावून म्हणाले, "माही नात होय ते!"

३. बँकेतली शिल्लक चंचलच्या क्लबच्या पोरींच्या बुटांसाठी वापरावी. त्यातून हारतुरे घेऊ नयेत. बॅनरवर माझा फोटो छापणाऱ्याला क्लबातून काढावं.

४. वखर चंचलले. तो दारात सजवून ठेवू नये. पावसाळा सरला की ग्राउंडावर फिरवजो, गड्डे पडतात.

५. शेजारीण अनुसयाबाई यांच्या अंगणात गेलेला बॉल कधी परत आला नाही. त्या बॉल अर्धे कापून त्यात शेवंती लावतात. त्यांना माझ्या सिमेंटच्या सगळ्या कुंड्या द्याव्या. आता तरी बॉल सोडा म्हणावं.

६. दीर किसनराव यांना काहीही दिलेलं नाही. हे विसरून झालेलं नाही. माझ्यामागं लखन कोणाचं ऐकन त यांचंच, अन् पोरीच्या नावानं वावर करू नये असं आयुष्यभर हेच सांगत आले. म्हणून आज लखनसमोर यांनाच बोलावलं. वरचं सगळं त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचलं. हाफपँटच्या जागी थांबले, घसा साफ केला, पुढं गेले.

"वयनी, मले काईच नाई? एक खुर्चीबी नाई?"

"नाई. वकील म्हणते, ज्याले काई भेटते त्याची साक्ष चालत नाई."

भाऊजींनी लखनकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग नोको देऊ. पेन दे."

मी हे कलम इथंच संपवते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केलं आहे.

सही: धुरपता रूपराव चाफले

साक्षीदार:
१. डॉ. आकांक्षा उगेमुगे, वर्धा. (दाखला हिनंच दिला. चंचलची पहिली राइट बॅक.)
२. किसनराव चाफले, गोलकीपर मयुरीचा आजा.

(दुसऱ्या सहीपुढचे शब्द साक्षीदारानं आपल्या मनानं लिहिले. वकीलसाहेब खोडा म्हणाले. मी खोडू दिले नाहीत.)

ठिकाण: बोरगाव मेघे, ग्राउंडावर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५