उजव्या हाताखालचा थेंब

४ नोव्हेंबर
माफ कर वही, गणपतीनंतर आज तुला उघडतेय. मिरजोळ्याची पॉलिशची शेड, ऑर्डरी, पाठदुखी. कारणे आहेत, पण पुरेशी नाहीत.
मैत्रीण माधवीच्या सासऱ्यांची, म्हणजे काकांची, आरामखुर्ची आली. काकांना दोन वर्षांपासून अजिबात दिसत नाही. मा. म्हणाली, "जुनं पॉलिश सगळं काढ, चिकट झालंय. मग हॉलला शोभेलसा हलका रंग दे." स्पिरिटच्या बोळ्याने काळा थर चहासारखा उतरतो. दिवसभर तेच.

६ नोव्हेंबर
खुर्चीचा उजवा हात सुटा केला. पुढच्या टोकाखाली पॉलिशचा एक थेंब वाळून बसलेला, वाटाण्याएवढा. कोणाचे तरी घाईचे काम. पत्रीच्या धारेने खरवडून उडवला, वर पॉलिश पेपर मारला. स्वतःवर खूश झाले. (झालेच होते, खोटे कशाला लिहू.)

७ नोव्हेंबर
तो हात घेऊन काकांकडे गेले, किती गुळगुळीत झालाय ते दाखवायला. हौस माझीच. त्यांनी मांडीवर घेतला. अंगठा थेट टोकाखाली गेला. थांबला. पुन्हा गेला.
"थेंब कुठे गेला गो?"
कसला, म्हटले.
"तुझी काकी दर दिवाळीला पॉलिश करायची. पहिल्याच वर्षी ओघळ आला. मी चिडवलं, तर म्हणते, राहू दे, तुमच्या अंगठ्याला तेवढंच काम."
आणि मी म्हणाले, "हा डावा हात आहे, काका."
ठरवून नाही. तोंडातून गेले.
"हां, तरीच," म्हणून त्यांनी परत दिला.
काकींना जाऊन आठ वर्षे झाली.

८ नोव्हेंबर
मा.ला सगळे सांगितले. "अगो, मग लाव की थेंबभर! त्यांना काय दिसतंय?" तिच्या मनात वाईट नाही. रोज त्यांचे ती करते, मी नाही. तरी…

९ नोव्हेंबर
पॉलिशची चपडा लाख स्पिरिटमध्ये दाट भिजवून एका फळीवर सात थेंब पाडले. सातही बेतशीर, दागिन्यासारखे. काकींचा चुकून पडला होता. मीही घाई करून पाहिली, तर लाख फळीभर. हसू आले. मग लाज.
हे त्यांच्या अंगठ्यासाठी, की माझे खोटे झाकायला? दोन्ही असेल तर कोणते जास्त? खुर्ची दिली मा.ने, बसतात काका. थेंब काढू का, असे त्यांना विचारावे हे मला सुचलेच कसे नाही?

११ नोव्हेंबर
काकांना फोन केला. हात उजवाच होता, थेंब मी काढला, खोटे बोलले. एका दमात.
मग, "लाकूड कसलं निघालं?"
फणस, म्हटले.
"फणस? लिलावातनं सागवान आणलं म्हणाली होती ही. मी अख्ख्या आळीला सांगितलंय सागवान म्हणून."
हसले की खोकले, कळले नाही.
"रंग नको लावूस एवढ्यात," म्हणाले, आणि फोन मा.कडे गेला.
वाटले होते, सांगितले की सुटेन. थेंब गेला तो गेलाच, आता सागवानही नेले का मी? की त्यांना गंमत वाटली? आवाजावरून काहीच…
उद्या: काकांना रिक्षाने शेडवर आणणे. खुर्ची हाताने पाहू देत, मग रंगाचे तेच ठरवतील.