बुटातला खडा

गुरुवार, ता. ११

ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे आणि भावोजींचं पथ्य चालू आहे की कपाटाआड उभं राहून गोड खाणं, ते कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे, ज्यांनी खुशाल राहायचं ठरवलंय ते सगळे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि आमच्या घरात एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतून विचारपूस होते. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. जुन्या मालकांनी परत घेतलं हे तुला कळलंच असेल. "हौस फिटली ना? आता मन लावून काम करा," म्हणाले. पण डोळे तपासायच्या खोलीत आता दुसरी मुलगी बसते, मला काउंटरवर ठेवलंय. लोकांच्या कानांमागे काड्या बसवायच्या, नाकावर फ्रेम घसरते का बघायचं आणि आरसा धरून उभं राहायचं. जग हिंडून आलं की माणसाची नजर मोठी होते म्हणतात. माझी काउंटरएवढी झाली.

परवा तुझा मेहुणा तुझ्याशी फोनवर बोलत होता तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुझं हसणं मला तिथपर्यंत ऐकू आलं. गुलाबी विजारीची गोष्ट सांगत होता ना? तू म्हणालीस म्हणे, "हसून हसून पोट दुखलं माझं, रविवारी आम्ही दोघं येतो, यांच्यासमोर परत सांगा." फोन ठेवल्यावर त्याने मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी बरं म्हटलं आणि गॅस बारीक केला.

त्या गोष्टीबद्दलच लिहायचंय. पण एकदम तिथे जाता येत नाही मला, जरा वळसा घेऊ दे.

आम्ही वर्षभर हिंडून परत आलो त्या दिवशी सासूबाईंनी दोन्ही सॅक दाराबाहेर रिकाम्या करायला लावल्या. कपडे उकळत्या पाण्यात गेले. मग त्याची सॅक बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगली गेली, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडेल अशी. माझ्या सॅकमध्ये जास्तीची पांघरुणं भरून ती माळ्यावर टाकली. "छान मोठी आहे गं, कामाला आली," म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा. वाईट हेतू आमच्या घरात कोणाचाच नसतो, तीच तर पंचाईत आहे.

त्याचं मात्र सोनं झालं. टाइल्स विकणारा माणूस, नोकरी सोडून बायकोला घेऊन वर्षभर पाठीवर बिऱ्हाड बांधून हिंडला, म्हणून साहेबांनी नुसतं परत घेतलं नाही, बढतीही दिली. गिऱ्हाइकं म्हणे त्याच्या गोष्टींवर इतकी खूश असतात की न्हाणीघराच्या टाइल्स बघायला येतात आणि अख्ख्या घराच्या घेऊन जातात. रविवारी आमच्याकडे बैठक भरते. शेजारी, ऑफिसातले, कधी साहेब आणि त्यांच्या बाई. तो सॅकखाली बसतो आणि सांगत सुटतो. मी चहा देते आणि जिथे हसायचं तिथे हसते. प्रत्येक गोष्टीत मी असते ताई. कधी दमणारी, कधी रस्ता चुकवणारी, कधी रडकुंडीला येणारी. त्याच्या त्या गोष्टींमधल्या बाईबरोबर मी एक दिवससुद्धा प्रवास केला नसता.

झुलत्या पुलाची गोष्ट तू ऐकली असशील. त्यात मी पुलाच्या मध्यावर थिजते आणि तो मला लहान मुलीसारखा हात धरून पलीकडे नेतो. ऐकली आहेस ना? थिजला होता तो. खाली नदी, फळ्यांमध्ये फटी आणि हा दोन्ही हातांनी दोर धरून डोळे मिटून उभा. मागे माणसं खोळंबली होती, कोणीतरी ओरडत होतं. तो एवढंच म्हणाला, "माझ्या बुटात खडा गेलाय." मी तिथेच फळीवर बसले आणि त्यालाही बसवलं. लोक आम्हाला ओलांडून गेले, शिव्या दिल्या असतील, भाषा कळत नव्हती हे बरंच झालं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "निघाला." मग आम्ही उठलो.

हा खडा काय, ते सांगते. निघाल्यानंतर पहिल्याच चढावर त्याला धाप लागली होती. दमलो म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणाला की बुटात खडा गेलाय. बसला, नाडी सोडली, बूट उलटा करून झटकला. त्यातून काहीच पडलं नाही. मी बघितलं आणि त्याने मला बघताना बघितलं. मी नुसती शेजारी बसून राहिले. संध्याकाळी दोघंही त्यावर खूप हसलो आणि तिथेच नियम ठरला. दोघांपैकी कोणीही "बुटात खडा गेलाय" म्हटलं की दुसऱ्याने थांबायचं. जिथे असू तिथे, गाडी सुटत असली तरी. का, ते विचारायचं नाही. आणि ते कोणाला सांगायचं नाही.

मला वाटलं होतं, लग्न म्हणजे हेच असणार. इतर जोडपी घरातल्या पडद्यांवरून भांडतात आणि आपल्याकडे हा नियम आहे. हसू नकोस, तेव्हा खरंच वाटलं होतं. तो नियम जास्त करून त्यालाच लागायचा. प्रवासात मी एकदाच वापरला.

आता विजार.

ताई, मला दिवस गेले होते. तुला कळवलं नाही, कारण तू "ताबडतोब परत या" म्हणाली असतीस आणि आम्हाला परत यायचं नव्हतं. तो इतका हरखला होता की काय सांगू. रोज संध्याकाळी विचारायचा, "काय म्हणते छोटी सॅक?" तेच नाव पडलं. आपण दोन मोठ्या सॅक आणि ही छोटी, म्हणायचा. माझ्या सॅकमधलं जड सामान त्याने हळूहळू त्याच्या सॅकमध्ये नेलं. हे तो केव्हा करत होता ते मला कळलंही नाही, एक दिवस उचलली तर हलकी लागली. हे सगळं मी खोटं नाही म्हणणार.

मग बसमध्ये पोटात दुखायला लागलं. मिळेल त्या गावात उतरलो आणि मिळाली ती खोली घेतली, एका लॉन्ड्रीच्या वर. खाली यंत्रं चालायची, त्यामुळे फरशी कोमट असायची आणि पलंग सारखा थरथरत असायचा. तिथे गेलं ते, ताई. एक डॉक्टरीण येऊन गेली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मान हलवली, तेवढं कळलं.

सगळे कपडे खराब झाले होते, माझे आणि मला उचलून आणताना त्याचेही. लॉन्ड्रीवालीने ते घेतले आणि तोवर घालायला त्याला कोणाची तरी विसरलेली विजार दिली. गुलाबी, ढगळ, कमरेला नाडीच नाही. ती एका हाताने धरून तो माझं औषध आणायला गावभर फिरला. परत आला आणि दारात उभा राहिला, एका हातात पुडी, एका हातात विजार. मी हसले. रडता रडता हसले, आणि तोही. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच हसू होतं आमच्याकडे.

आणि आता तो ते रविवारी लोकांना वाटतो. त्याच्या गोष्टीत मी रस्त्यावरचं काहीबाही खाऊन पोट बिघडवून घेते आणि तो विजार धरून पळतो. तुझं पोट दुखलं ना हसून? तुला बोल लावत नाही, तुला काय माहीत. पण तुझं हसणं मला ऐकू आलं आणि मी उगाच चहाचं आधण पुन्हा ठेवलं.

गेल्या रविवारी साहेब आणि बाई आले होते. सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "फिरणं झालं, आता जरा मनावर घ्या म्हणते मी." तो "घेतो, घेतो" म्हणून हसला आणि त्याच दमात विजारीकडे वळला. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "ऐक ना. माझ्या बुटात खडा गेलाय."

त्याला ऐकू आलं, ताई. विजार धरून दाखवायला उचललेला त्याचा हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं त्या चढावरचंच होतं. मला वाटलं, थांबला. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली.

"बघा," तो म्हणाला, "घरात! अनवाणी! आणि म्हणे बुटात खडा गेलाय!"

सगळे खो खो हसले. साहेबांच्या बाईंनी तर डोळे पुसले. मग त्याने आमचा नियम सगळ्यांना समजावून सांगितला. "ही दमली की असं म्हणायची. मग काय, बसा रस्त्यात." ही दमली की.

तेव्हापासून घरात ती पद्धतच पडलीय. सासूबाई उठताना कमरेला हात लावून म्हणतात, "गेला गं बाई माझ्या बुटात खडा." सासऱ्यांना बाजारात जायचा कंटाळा आला की त्यांच्याही बुटात खडा. शेजारणीने काल जिन्यात विचारलं, "काय मग, आज खडा कुठे?" मी उसनं हसले. इतकं उसनं हसू मी आणतेय कुठून, मलाच कळत नाही.

पाहुणे गेल्यावर मी कपबश्या विसळत होते. तो पुसायला आला.

"तुला ऐकू आलं होतं," मी म्हटलं.

"अगं, साहेब बसले होते. चारचौघांत मध्येच कसा थांबू?"

"पुलावर चारचौघं नव्हती?"

"पुलाचं काय आता मध्येच!" तो चिडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी ते हसण्यावारी नेतो म्हणून मला जगता येतं. नाहीतर मला ती फरशीच आठवत राहते. तू कशी काय गप्प राहतेस, मला कळत नाही."

मला त्याची कीव आली, हेही लिहिते. क्षणभर वाटलं, हात पुसावेत आणि त्याच्याजवळ जावं.

"तू कधी विचारलंस मला?" मी म्हटलं.

त्याने बशी पुसून नीट जागेवर ठेवली. "आपला नियम होता ना," तो म्हणाला. "खडा म्हटलं की विचारायचं नाही. तूच म्हणाली होतीस तिथे."

म्हणाले होते. त्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं होतं, माझ्या बुटात खडा गेलाय. तो फरशीवर बसून राहिला. गाव सोडेपर्यंत बसून राहिला, एक शब्द विचारला नाही. मी ते किती जपून ठेवलं होतं! असा नवरा कोणाला मिळतो, असं मनाशी म्हणत घरी आले. आणि तो नुसता नियम पाळत होता गं. त्याला सोयीचा होता. "निघाला" असं मी कधी म्हटलंच नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. आम्ही विमानात बसलो, घरी आलो, सॅक टांगली.

दुकानात मी डोळे तपासायचे तेव्हा दर वेळी काच बदलली की विचारायचं असायचं, आता बरं दिसतं का मघाशी बरं दिसत होतं? लोक गोंधळतात, पुन्हा आधीची काच मागतात. मी पुष्कळदा बदलून बघितलं, ताई. मघाशीच बरं दिसत होतं. पण ते खरं नव्हतं.

मालक घड्याळाकडे बघताहेत, आवरतं घेते. हे आजच कुरियरने धाडते, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

रविवारी तुम्ही येऊ नका. मी येते. सकाळी माळ्यावर चढून सॅकमधली पांघरुणं काढली, घडी करून सासूबाईंच्या पलंगावर ठेवली. "अगं, मग ही ठेवायची कुठे?" एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आज संध्याकाळी सांगीन. किती दिवसांसाठी, असं तो विचारेल. तेवढं तो विचारतो.

चालायचे ते जुने बूट घालून येणार आहे, म्हणजे पायांकडे बघून हसायची सोय नको. तू दार उघडलंस की माझ्या हातातली सॅक घेण्याआधी विचार, काय झालं गं? भावोजी म्हणतील, अगं, तिला आधी बसू तर दे, पाणी तर दे. त्यांचं ऐकू नकोस. मी काही नाही म्हटलं, तर परत विचार. तरी काही नाही म्हटलं, तर दारातच उभी कर मला आणि विचारत राहा.

तुझी,
धाकटी