कपाळाची साक्ष

२ फेब्रु., रविवार. ब्रिस्टल
सुनेचं, नीलिमाचं, हळदीकुंकू. बेसिंगस्टोकहून आलेली तिची मैत्रीण करंडा घेऊन माझ्यापुढं. "आजी, आता सगळ्यांनाच लावतात, तुम्हीपण घ्या." म्हटलं, "माझं कपाळ रिटायर झालंय, बाई." सगळ्या हसल्या. तिळगूळ मात्र दोनदा घेतला.
नात मुक्ता लिहितेय. पुढं नुसतं मु. मला अक्षर येत नाही. चुका तिच्या, थापा माझ्या.

४ फेब्रु.
शनिवारी लायब्ररीत साक्ष. एकाहत्तर साली ढाक्यात माणसं कापली, त्यातनं वाचलेल्यांनी सांगायचं. रेकॉर्ड करून जपून ठेवणार. मुलानं, प्रशांतनं, माझं नाव परस्पर दिलंय. मी मराठीत बोलायचं, मु.नं इंग्रजी करायचं. आज तालीम.
"आजी, सुरुवातीपासून सांग."
"सुरुवातीला लग्न झालं."
"आजी! सीरियसली."
सांगितलं. विट्याकडची आमची माणसं सोनं गाळायला कुठं कुठं जातात. हे ढाक्याला गेले, मागनं मी. सोनारांच्या गल्लीत भट्टी. लष्कर हिंदू घरं वेचत आलं. शेजारच्या मुसलमान खालानं मला आत ओढलं, आपल्यातली म्हणून उभं केलं. मी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या.
"आजोबा गेल्यावर ना?"
"हो."
बास म्हटलं.

६ फेब्रु.
तीनदा जिना चढले. कशाला, ते वर जाऊन विसरले.

७ फेब्रु., शुक्र.
मु., हे लिही. थांबू नको. ते तेव्हा जिवंत होते. समोर भट्टीपाशी, हात बांधलेले. मी कुंकू आधीच पुसलेलं. शिपायानं मला विचारलं, "ये तेरा मर्द है?" मी मान हलवली. नाही. ह्यांनी माझं कपाळ बघितलं, आणि ओळख नसल्यासारखी नजर वळवली. मग

मु.नं पेन ठेवलं होतं. "आजी, ते तुझ्यामुळे नाही गेले."
"मला कळतं गं. कपाळाला कळत नाही."
प्रशांत तेव्हा पोटात. त्याला जन्मभर सांगत आले, बाप गेल्यावर पुसलं.
"बाबाला आधी घरी सांग ना."
"घरी तो माझा मुलगा असतो."

८ फेब्रु., शनि.
प्रशांत पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. भट्टी सांगितली, खाला सांगितली. मु. भराभर इंग्रजी करत होती. मग कपाळ आलं. पाणी मागितलं. प्यायले. म्हटलं, "ते तेव्हा जिवंत होते." आणि उरलेलं सगळं.
मु.चं इंग्रजी अडलं. लोक तिच्या तोंडाकडं बघत थांबलेले. प्रशांतला थांबावं लागलं नाही.
मग मु.नं सांगितलं. काही गाळलं नाही.
घरी चहा प्रशांतनंच केला. माझ्यापुढं ठेवला, बसला नाही. "आई, उद्या बोलू."
चहात साखर विसरलाय. आज त्याला आणखी काही सांगायचं नाही म्हणून तसाच प्यायले.